ताईच्या घरचं गोडं पाणी

शुक्रवार, मार्च १९८६

आज स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत ताईकडे गेले होते. तिने दिलेल्या चहाचा एक घोट घेतला आणि थांबलेच. किती महिन्यांनी गोड्या पाण्याचा चहा! शेजारच्या वाडीवाल्याने पंप लावून टँकर भरायला सुरुवात केली, तेव्हापासून खाडीचं पाणी आत शिरून आमची विहीर खारट झाली; त्याची खाडीपासून लांब, ती अजून गोड. पानवेली जळाल्या.

"ताई, हे पाणी कुठलं गं?"

"तुमच्याच गावचं. टँकर येतो ना."

कप खाली ठेवला. भांडणारच होते, पण मोरीत पिंपं, कळश्या, पातेली भरून ठेवलेली दिसली. नळाला दोन वर्षांत थेंब आलेला नाही. तिने मुलांना तहानलेलं ठेवायचं का? मग राग कोणावर? पाणी नसताना घरं विकणाऱ्यावर, त्याला परवानगी देणाऱ्या साहेबावर! वाडीवाल्याच्या पंपाची तक्रार घेऊन गेलेल्या मामंजींना हाच साहेब म्हणाला, "विहीर त्याची, पाणी त्याचं." जमिनीखाली काय कुंपण असतं?

पिशवीतून गावातल्या बायकांचा अर्ज काढून ताईपुढे ठेवला. टँकर बंद करा, एवढंच त्यात होतं.

ती वाचून म्हणाली, "मग आम्ही काय प्यायचं?"

खरंच, आम्ही हा विचारच केला नव्हता. लाज वाटली. तिथेच खाली लिहिलं, 'आणि या इमारतींना आधी नळाचं पाणी द्या.' मग तिने सही केली. शेजारणींच्याही आणल्या.

सोमवारी साहेबासमोर आम्ही दोघी उभ्या राहणार. एका बहिणीची तहान भागवायला दुसरीची विहीर नासवायची, हे त्याने आमच्या तोंडावर सांगून दाखवावं.