पांढऱ्या तोंडाचं शिंगरू

२ सप्टेंबर

चि. बारकीस, काकाचे भरघोस आशीर्वाद.

आपल्या तपकिरी घोडीचं शिंगरू पाच महिन्यांचं झालं. सगळं तोंड पांढरं, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, डोळे निळे. आईच्या कपाळावर टिकलीएवढा ठिपका, बापाचा एकच पाय खुराशी पांढरा. मग एवढी सफेदी आली कुठून? शेजारच्या वकिलांचा कबरा घोडा कुंपणाशी सारखा घुटमळतो. वकिलांशी मी बोलणं टाकलंय.

त्यात कार्टं महाहट्टी. तीस वर्षं मी नुसत्या आवाजावर घोडे वळवले, हे माझ्याकडे ढुंकून बघत नाही. बग्गीवाल्याला देऊन टाकतोय, शब्द दिलाय. महिनाअखेरीस तो न्यायला येईल. त्याआधी तुझ्या प्रयोगशाळेत सोक्षमोक्ष लाव. आई, बाप आणि शिंगरू, तिघांचे केस मुळासकट उपटून पाठवतोय. चौथं पाकीट कोणाचं ते तू ओळख. तुमचं शास्त्र किती पाण्यात आहे ते कळू दे.

उत्तराला उशीर केलास तर आशीर्वाद परत घेईन.

तुझा काका

११ सप्टेंबर

ती. काकांस, बारकीचा सा. न. वि. वि.

चौथ्या पाकिटात काकू आहे, आणि ती केसांना कलप लावते. तुम्ही तिचे केस उपटलेत हे तिला कळवू का?

वकिलांचा घोडा निर्दोष आहे. बाप आपलाच. शिंगरू पोटात असताना रंगाच्या पेशी पाठीच्या कण्यापासून निघून अंगभर पसरतात. तोंड आणि पाय सगळ्यांत लांब. तिथवर त्या पोचल्या नाहीत की तो भाग पांढरा राहतो. हे कामचुकार जनुक आईकडे एक आणि बापाकडे एक, म्हणून त्यांचं ठिपक्यावर भागलं. शिंगराला दोघांकडून मिळालं.

आता चेष्टा नाही, नीट वाचा. कानाच्या आतही याच पेशी लागतात. तिथं नसल्या तर जनावर बहिरं असू शकतं. त्याच्या मागे उभं राहून पत्र्याचा डबा वाजवून बघा. बग्गीवाला त्याला चाबकानं ऐकवायला जाईल, आणि भर रस्त्यात मागून आलेली गाडी त्याला कळायची नाही. त्याला घालवू नका.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

बारकी

१९ सप्टेंबर

चि. बारकीस, काकूकडून खूप खूप आशीर्वाद.

डबा वाजवला. शिंगराचा कानसुद्धा हलला नाही. हे माझ्याकडे पाठ करून शिंगराकडे बघत उभे होते. मी हात दुखेपर्यंत बडवला, तर विचारतात कसे, की सुरू कधी करतेस. वर्षभर सांगतेय कान तपासून घ्या, तर म्हणे मीच पुटपुटते.

तेव्हापासून तबेल्यात शिंगराच्या मानेवर हात ठेवून तासन्‌तास उभे राहतात. पण दिलेला शब्द यांनी आजवर मोडलेला नाही, आणि बग्गीवाला महिन्याच्या शेवटच्या रविवारी येणार. मला रडू येतं गं. कलपाचं मला कळलं आहे, यांच्याकडे नंतर बघते.

जेवणखाण वेळेवर कर.

तुझी काकू

३० सप्टेंबर

चि. बारकीस, काकाचे आशीर्वाद, या वेळी जरा जास्तच.

वकिलांची माफी मागून आलो. त्यांनी फार ताणून धरलं नाही. शिंगरू आता हातावर शिकतंय. खांद्यावर थाप मारली की चालतं, तळवा दाखवला की थांबतं. इतकं हुशार पोर मी तीस वर्षांत पाहिलं नाही.

रविवारी बग्गीवाला आला. त्यानं विचारलं शिंगरू कुठाय, मी म्हणालो यंदा हवा बरी आहे. त्यानं पुन्हा विचारलं, मी म्हणालो गुडघे अधूनमधून दुखतात. तिसऱ्यांदा तो कानाशी येऊन ओरडला, तेव्हा मी मान डोलावून त्याला चहा दिला. शेवटी तो वकिलांकडे गेला. त्यांनी सांगितलं की म्हातारा ठार बहिरा झालाय, नाद सोडा. गेला बिचारा. मी शब्द मोडला नाही, त्यानं मागितलेलं मला ऐकूच आलं नाही.

शनिवारीच कानात यंत्र बसवून घेतलंय. दाराआड तुझी काकू तोंड दाबून हसत होती, तेसुद्धा स्वच्छ ऐकू आलं.

तुझा काका