नामेलेच्या पानाच्या आत

दिनांक : १४ फेब्रुवारी

प्रति,
मा. संचालक,
प्राचीन वसाहत संशोधन कार्यालय,
पोर्ट विला.

विषय : मालेवेत बेटावरील उत्खननस्थळी लावलेले नामेलेचे पान नवी कोनफळे निघण्यापूर्वी काढण्याबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज, दि. २० ऑगस्ट, ९ ऑक्टोबर व ५ डिसेंबर.
२) आपले पत्र, दि. ३ नोव्हेंबर.

महोदय,

१. मी आपल्या कार्यालयात कनिष्ठ संशोधक असून गेल्या जूनपासून वरील स्थळाची प्रभारी आहे. माझे शिक्षण रसायन व भूगर्भशास्त्रात झाले. मडक्याच्या मातीत कालवलेली वाळू भिंगाखाली पाहून ते मडके कोणत्या बेटावर घडले हे ठरवणे हे माझे काम. तीन हजार वर्षांपूर्वी या समुद्रात पहिल्यांदा होड्या घेऊन आलेल्या माणसांची मडकी येथे सापडतात. मला हेच काम जन्मभर करायचे आहे. माझी काहीही तक्रार कामाबद्दल नाही, हे सुरुवातीलाच नमूद करते.

२. जुलैमध्ये गावातील डुकरे खड्ड्याच्या कडा उकरू लागली. म्हणून गावाचे प्रमुख आबोंग सारेल यांना मी नामेलेचे पान लावण्याची विनंती केली. नामेले या ताडासारख्या झाडाचे पान रोवले की त्या जागेत कोणी पाऊल टाकत नाही. डुकरांना पान समजत नाही, परंतु डुकरांच्या मालकांना समजते. २२ जुलैपासून एकही डुक्कर आलेले नाही. उपाय पूर्णपणे यशस्वी झाला आहे.

३. पान रोवताना प्रमुखांनी रीतीप्रमाणे सर्वांसमक्ष विचारले, "पान कुणाचं?" कर्मचाऱ्याने स्थळावर स्वतःच्या नावे हक्क सांगू नये, असा आपला नियम असल्याने मी म्हणाले, "कार्यालयाचं."

"कार्यालय म्हणजे कोण? त्याला पाय आहेत का?"

"आहेत. पोर्ट विलाला आहेत."

लोक खूप हसले. मीही हसले. ज्याचे पान, त्यानेच डुक्कर देऊन ते सोडवायचे असते, इतर कोणी हात लावायचा नसतो, हे मला ठाऊक होते. आपण सप्टेंबरात पाहणीस येणार होता, म्हणून मला यात अडचण दिसली नाही.

४. दुसरी चूक सर्वस्वी माझी आहे आणि ती मोजमापाची आहे. हद्द ठरवताना फितीचे शून्याचे टोक मी खड्ड्याजवळच्या खुंटीवर धरले होते. दुसरे टोक एका हातात व पान दुसऱ्या हातात घेऊन प्रमुख चालत होते. पायवाटेपाशी ते थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "पोरी, बाहेर ये, आता लावतोय." फीत ढिली होती. वाचन चुकले असते. मी म्हणाले, "एक मिनिट, एवढं वाचून घेते." अंतर ३१.४० मीटर भरले. तेवढ्यात पान रोवले गेले होते. ते रोवण्याची वेळ भरतीवर ठरलेली असते, ती माझ्यासाठी थांबणार नव्हती. पान लागताना जे आत असते ते जागेचेच होते. त्यात झाडे, दगड, मडक्यांचे तुकडे आले. मीही आले.

५. तेव्हापासून २०७ दिवस मी आत आहे. हद्दीत माझा तंबू, पाण्याचा झरा आणि समुद्रकिनाऱ्याची चाळीस पावले आहेत. उपासमार होत नाही. प्रमुखांची थोरली बहीण लिसिंग आजी रोज हद्दीवरच्या पोवळ्याच्या दगडावर केळीच्या पानात लापलाप, म्हणजे भाजलेला कंदांचा लगदा, ठेवते आणि वीस पावले मागे सरते. मग मी ते उचलते. बोलायला बंदी नाही, बरोबर जेवायला व मला शिवायला आहे. जेवण संपेपर्यंत ती पाठ करून उभी राहते, कारण आतल्या माणसाचे खाणे पाहायचे नसते. नोव्हेंबरात मला ताप आला. आजी तीन दिवस दगडाशी बसून होती. "पाणी पी. प्यालीस का? खोटं बोलू नकोस, आवाजावरून कळतं मला," असे ती सारखे ओरडत होती. आत मात्र आली नाही. तिने यायला हवे होते असे माझे म्हणणे नाही. मी एफाते बेटाची आहे. तिथेही कोणी आले नसते.

६. या काळात ४१२ तुकड्यांची तपासणी पूर्ण केली आहे. या बेटाची वाळू काळी, ज्वालामुखीची आहे. नऊ तुकड्यांत मात्र गारगोटीचे पांढरे कण आढळले. ते येथून दक्षिणेला, कित्येक दिवसांच्या समुद्रापलीकडच्या मोठ्या बेटावरच मिळतात. नऊही तुकडे एकाच मडक्याचे आहेत. म्हणजे कोणीतरी आपले एक मडके मांडीवर धरून इतक्या दूर आणले होते. हा शोध लागला तेव्हा दुपार होती आणि सांगायला कोणी नव्हते. आजी येईपर्यंत मी दगडाशी उभी राहिले. तिने सगळे ऐकून घेतले.

"फुटलं ना शेवटी?"

"फुटलं."

"मग तीन हजार वर्षांनी तू कशाला रडतेस?"

मी रडत नव्हते. त्या दिवशी वारा होता. नोंद बिनचूक असावी म्हणून लिहीत आहे.

७. आपल्या पत्रात, "स्थळ सुरक्षित असल्याचे वाचून समाधान वाटले. हीच पद्धत अन्य बेटांवर राबवता येईल का, ते कळवावे," असे विचारले आहे. राबवता येईल. मात्र फीत धरणारा माणूस बाहेर असावा. आपला दौरा वर्षभर पुढे, येत्या सप्टेंबरावर गेल्याचेही त्याच पत्रातून कळले.

८. होडीत बसून निघून जाणे मला शक्य आहे, हे मी लपवत नाही. किनारा हद्दीत येतो आणि महिन्यातून एकदा बोट लागते. परंतु जागेची वस्तू अशी गेली तर पान खोटे पडेल व ते लावणारे प्रमुख गावासमोर खोटे पडतील. त्यानंतर आपल्या कार्यालयाला, आणि मला, या बेटावर कोणी एक खुंटी ठोकू देणार नाही. अजून सात थर खणायचे आहेत. जानेवारीच्या बोटीत मी एक पाय ठेवला होता. तो काढून घेतला.

९. एप्रिलच्या सुरुवातीला नवी कोनफळे निघतील. ती खाल्ल्यावर कोणतेही पान पुढच्या पिकापर्यंत काढत नाहीत. ही अडचण मी हद्दीवरून प्रमुखांपुढे मांडली. ते बराच वेळ काठीने माती उकरत बसले.

"तुझं कार्यालय येत नाही?"

"सप्टेंबरात येईल."

"त्याची पत्रं तर येतात. कागदावर बसून येतं ना ते? मग त्याला सांग, एक दिवस तुझ्या अंगात यायला. तू कार्यालय झालीस की पान तुझं. डुक्कर दे आणि बाहेर नीघ."

"हे रीतीत बसतं?"

"माझ्या रीतीत बसतं. तुझ्या साहेबाच्या रीतीत बसतं का, ते बघ."

१०. सबब विनंती, की मार्च महिन्यातील कोणत्याही एका दिवसाकरिता, सूर्योदयापासून जेवण आटोपेपर्यंत, संचालकपदाचे सर्व अधिकार माझ्याकडे सोपवल्याचे पत्र सही-शिक्क्यासह द्यावे. शिक्का ठळक असावा, कारण तो सर्वांना हातात घेऊन पाहायचा आहे. डुकराची मागणी मी करत नाही. सुळे वळलेले एक डुक्कर लिसिंग आजी देत आहे. तिच्या मते ते माझ्यापेक्षा जास्त खाते आणि कमी बोलते. त्या दिवशी मी अन्य कोणताही आदेश काढणार नाही, कोणाची बदली करणार नाही, आणि अधिकार पहिल्या बोटीने परत पाठवीन.

११. विनंती मान्य करणे शक्य नसेल तर तसे कळवावे. मी येथेच राहून काम सुरू ठेवीन. मात्र त्या नकाराच्या पाकिटावर "स्थळप्रभारी" असे न लिहिता माझे नाव लिहावे. आत असलेल्या माणसाला या बेटावर नावाने हाक मारत नाहीत. बोटीचा नावाडी दुसऱ्या बेटाचा आहे, त्याला हा नियम नाही, आणि तो प्रत्येक पाकिटावरचे अक्षर किनाऱ्यावर उभा राहून मोठ्याने वाचतो.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, आपली नम्र,

लेइमास काल्तापाउ
मालेवेत बेट

सोबत :
१) हद्दीचा नकाशा, प्रमाणासह.
२) गारगोटीयुक्त नऊ तुकड्यांची यादी व रेखाटने.
३) प्रमुख आबोंग सारेल यांचे संमतिपत्र, अंगठ्यासह. (कागद हद्दीच्या दगडावर ठेवून घेतले.)