पारूची एक वाढली

१७ मे
कागद आला एकदाचा. हे सकाळीच टेम्पो घेऊन आष्टीला गेले होते. चार माणसांनी रोल उतरवला. काळाभोर, गुळगुळीत, नव्या वस्तूचा वास. भाव मागच्या वर्षीपेक्षा वर. दुकानदार म्हणे, तेल महागलं. कुठं आखातात काहीतरी होतं आणि आष्टीत शेततळ्याचा कागद महागतो. बारावी सायन्सला पॉलिथीनचा धडा पाठ केला होता, लांबच लांब साखळी वगैरे. त्या साखळीचं एक टोक आपल्या बांधाला बांधलेलं आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

हे शे.त. (शेततळं दरवेळी कोण लिहीत बसणार) घरचंच. भास्करभावजींचं, म्हणजे ह्यांच्या चुलत भावाचं. घरचं म्हणून जास्त भीती.

१९ मे
दिवसभर खड्ड्यात खडे वेचले. मी, शोभा आणि नंदा, आमची नेहमीची टोळी. पारू मदतीला होती. ही भावजींची बायको, माझी धाकटी जाऊ. उसाच्या फडात हात एवढे घट्ट झालेत की टोकदार मुरूम मुठीत धरून भिरकावते. दोघं दर वर्षी दसरा झाला की कारखान्याला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो.

यंदा पारूनं मनात घेतलंय की जायचं नाही. लिंबोणी लावायची. रोपांना उन्हाळ्यात पाणी लागणार आणि ते घालायला कुणीतरी घरी लागणार. पाणी राहिलं तर ती राहील, सरळ हिशेब. आधी याच जागी साधा खड्डा होता, पोळ्यापर्यंतच कोरडा पडायचा. मुरूम पाणी पिऊन टाकतो. आता सगळा भरवसा या काळ्या कागदावर, म्हणजे त्याच्या पट्ट्या मी मशीननं जोडते त्या जोडावर.

२० मे
आत्याबाई बांधावर येऊन बसल्या. माझी सासू, थाटही सासूचा. "कागदावर पाणी थांबतंय व्हय गं मंदे?" गेल्या चार वर्षांत इतकी तळी केली, प्रत्येक वेळी हाच प्रश्न. कागद म्हणतात त्याला, पण कागद नाही तो, हे सांगून दमले. मग त्यांना आवडेल असं सांगितलं, यात काजळी घातलेली असते. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून आपण लावतो तशी उन्हाची लागू नये म्हणून कारखान्यात घालतात, नाहीतर ऊन साखळ्या तोडून टाकतं. हे पटलं. स्वतः उतरून हात फिरवून आल्या.

दुसरं भांडण जुनंच. कागदावर उतरताना टोळीतल्या सगळ्यांनी जोडवी, बांगड्या काढायच्या, पदरात बांधायच्या, हा माझा नियम. आत्याबाईंना सवाशिणीचे मोकळे हात बघवत नाहीत. तोंड फिरवून बसल्या. मी काढल्याच.

२२ मे
पहाटे फटफटताच जोडायला घेतलं. ऊन चढलं की कागद फुगतो, संध्याकाळी आखडतो. म्हणून थोडा सैल सोडावा लागतो. मशीनची पाचर तापते, दोन्ही कडा तिच्यावरून सरकतात, मागचे रोलर दाबून एकजीव करतात. एका चालीनं जायचं. थांबलं की जळतो, घाई केली की कच्चा राहतो.

तुकडा कापून भावजींच्या हातात दिला, म्हटलं ओढा. उसाच्या मोळ्या उचलणारा माणूस, दात आवळून ओढला. कागद ताणून ताणून फाटला, जोड तसाच. तुकडा खिशात घातला. लई बरं वाटलं. कशाला खोटं लिहू, अभिमान वाटला.

२३ मे
कडा चरात पुरल्या. माती लोटायच्या आधी कोपऱ्यावर पांढऱ्या खडूनं माझं नाव लिहिलं. दर वेळी लिहिते, कुणाला सांगत नाही. सातबाऱ्यावर नाही तर नाही, या कागदावर आहे.

११ जुलै
लिंबोणीची रोपं लागली. नर्सरीवाला, ठिबकवाला, खड्डेवाला, सगळे पारूच्या अंगणात चहाला. मागच्या वर्षी या दिवसांत तिथं फक्त मुकादम यायचा. एका काळ्या रोलमागं केवढी माणसं हलली.

४ ऑगस्ट, गेवराई
इथं दुसऱ्याच्या तळ्याचं काम, चार दिवस मुक्काम. तिकडं घरी आज जलपूजन झालं. विहिरीच्या पाण्यानं तळं अर्ध्यावर आलंय, आत्याबाईंना धीर धरवेना. मी नसताना उरकलं याचा राग आला, पण मुहूर्त म्हणे.

आत्याबाईंचा फोन. आवाज तुटत होता. नारळ वाढवला, पाच सवाशिणी उतरल्या, ओट्या भरल्या, पारूची एक वाढली, बाकी समदं ब्येस झालं. म्हणजे पारूनं एक ओटी जास्तीची भरली. हौस आहे बाई तिला. भरू दे, तिचं तळं आहे.

१३ ऑगस्ट
पूजनानंतर विहिरीनं आणखी हातभर चढवलेलं पाणी आता उतरतंय. परवा वाटलं भास असेल. काल काठी रोवून खूण केली, आज खुणेखाली गेलं. उन्हानं एवढं उडत नाही, त्यात आभाळ भरलेलं.

१४ ऑगस्ट
भावजी दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. "जोड सुटला वहिनी." एवढंच. हे मध्ये पडायला लागले, मी गप्प केलं. जोड सुटला नाही हे मला माहीत आहे, पण माहीत असणं कुणाला दाखवता येत नाही.

पारू आली नाही.

१६ ऑगस्ट
शेजारच्या गावच्या कामाचा निरोप आला, थोडं थांबू म्हणे. बातमी पोचली तर. शोभा म्हणते, घरचंच तळं गळतंय तर बाहेरचा कोण बोलवील. बरोबर आहे. रागानं मशीन पुसत बसले. पुसायला काही नव्हतं.

भावजी म्हणतात, सगळं पाणी उपसून जोड तपासा. मी नाही म्हटलं. पाणी आपण होऊन थांबेल. भोक जिथं असेल तिथंच थांबेल, त्याच्याखाली उतरायला वाट नाही. तोवर बघत बसायचं. पारूचं पाणी जातंय आणि मी हात बांधून बघतेय, फार वाईट वाटतं.

२१ ऑगस्ट
थांबलं. कालची आणि आजची खूण एकच.

सकाळी बांगड्या काढून दोरीला धरून उतरले. पाण्याच्या कडेकडेनं बोट फिरवत गेले. जोड आला, त्यावर दोनदा हात फिरवला, अखंड. तिथून वीतभर पुढं बोटाला लागलं. नखाएवढी चीर. सरळ, धारेनं कापल्यासारखी. आणि चिरेत अडकलेला हिरव्या काचेचा कण.

वर धरून भावजींना दाखवला. आत्याबाई बांधावरून वाकल्या आणि सहज म्हणाल्या, "तिथंच तर पारूची वाढली व्हती. म्या फोनवर सांगितलं न्हाई व्हय?"

वाढली. ओटी नाही, बांगडी. घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणतं का? मीही म्हणत नाही. नारळ वाढतो, मंगळसूत्र वाढतं, बांगडी वाढते. इतकी वर्षं या घरात काढून माझ्या डोक्यात ओटी आली. ओल्या कागदावर बसून मला हसायलाच आलं. वर सगळे घाबरले, हिला काय झालं म्हणून.

संध्याकाळी, तीच तारीख
पारू आली. ओटी घेऊन उतरताना पाय सरकला, हात टेकला, हिरवा चुडा हाताखाली गेला. बायकांनी पटापट काचा वेचल्या आणि आत्याबाईंना न विचारता आपसांत ठरवून टाकलं की विषय काढायचा नाही. शुभकार्यात चुडा वाढला, नवऱ्याच्या जिवाला घोर. मी म्हटलं, जोड सुटला म्हणून गावभर झालं तेव्हा तरी का गप बसलीस? खाली मान घालून म्हणाली, "बोललं असतं तर खरं झालं असतं, अक्का."

राग आला होता, तो तिथंच संपला. मागच्या हंगामात फडात गाडी उलटली, तेव्हा भावजी खालून जेमतेम निघाले. त्या दिवशी तिनं काय काय पाहिलं असेल. टोळीला मी नियम सांगितला, सवाशिणींना कोण सांगणार? आत्याबाईंना तर मुळीच नाही.

२३ ऑगस्ट
ठिगळ लावलं. कागद धुतला, पुसला, सुकवला, घासून खरखरीत केला. ठिगळ गोल कापलं, कोपरा ठेवला की तो उचलतो. गरम हवा सोडत गेले आणि रोलर पारूच्या हातात दिला. कोयत्याचा हात, असा बसला रोलर की शोभा बघत राहिली. मागं वळून दोघींनी नखानं उचकटून पाहिलं. उचलत नाही.

भावजी बांधावर दोनचार माणसं घेऊन उभे. मे महिन्यातला तो ताणलेला तुकडा खिशातून काढून त्यांना दाखवत होते. माझ्याशी अजून बोलले नाहीत. चालेल.

१२ सप्टेंबर
आठवडाभर चांगला पाऊस. विहीर वर आली, मोटर चालू. पाणी ठिगळावरून गेलं. बाजूला नवी खूण केली. त्या शेजारच्या गावाहून निरोप, कधी येता म्हणून. कामं आहेत, सवडीनं येईन असं कळवलं. थोडा भाव खाल्ला.

२९ सप्टेंबर
तळं काठोकाठ. खूण बुडाली. काळ्या कागदावर आभाळ दिसतं. सा.बाई (सासूबाईंना एरवी रागात असं म्हणते, आज लाडात) शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या मंदीनं केलाय. त्यात काजळ घालत्यात." काजळही मीच घालते असं त्या बाईला वाटलं असणार. मी दुरुस्त केलं नाही.

३ ऑक्टोबर
दसरा काल झाला. मुकादम येऊन गेला. भावजी म्हणतात, एवढा एक हंगाम जाऊ, झाडं धरेपर्यंत हातात काही हवं. तेही चूक नाही, लिंबू लागायला वर्षं जातात. पारू म्हणते, झाडं धरतील कशी, उन्हाळ्यात पाणी कोण घालील. तेही खरं. एकट्याला जाता येत नाही, अर्धा कोयता मुकादम घेत नाही.

मला विचारायला आली, ठिगळ किती वर्षं टिकेल. म्हटलं, कागद संपेल तेव्हा संपेल, त्याच्या आधी नाही. मग कागद कधी संपेल? उन्हाला काजळी पुरेल तोवर. पुढं तो जुना कागद कुठं टाकायचा, नवा कोणत्या भावानं येईल, हे तिनं विचारलं नाही. मला सुचतं, पण आज नको.

८ ऑक्टोबर
गाडी आली. शाळेपाशी उभी आहे, माणसं चढतायत. भावजींचं बोचकं ओट्यावर बांधून तयार. पारूचं नाही.

तळ्याकडून येतेय मी. पारू काठाशी बसून पाण्यावरचा पाला काढत होती. हात मोकळे. बांगड्या काढून पदराला गाठ मारलेली. आत्याबाई समोर उभ्या, पण आज तोंड फिरवलेलं नाही. मी नुसतं त्या गाठीकडं पाहिलं.

"आता वाढायचं ते पाण्यानं वाढावं अक्का," म्हणाली, आणि पुन्हा पाला काढायला लागली.

भावजी बांधावर आहेत. इकडं गाडी, तिकडं तळं, एकदा इकडं बघतात, एकदा तिकडं. हॉर्न वाजतोय. हे लिहून ठेवते आणि बघायला जाते.