धन्यांच्या एक घंटा आधी

तीर्थस्वरूप हुनवाल्डमामांच्या चिखलाने माखलेल्या चरणी भाचा टिलबर्ट गुडघे टेकून नमस्कार करतो. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि ती काळी डुकरीण, तिन्ही बरी असतील अशी आशा आहे. मीही खुशाल आहे, म्हणजे जेवतो, झोपतो आणि जिवंत आहे. हे पत्र माझ्या स्वतःच्या हातचे आहे. (होय मामा, तलवारवाल्याच हातचे. इथे सगळ्यांना अक्षरे शिकवतात. पत्र वाचून दाखवणाऱ्या पाद्रीबाबांनाही नमस्कार. बाबा, कंसातला मजकूर आवाज उतरवून वाचावा. मामी चुलीपाशी असल्या तरी त्यांचे कान दारापाशी असतात.)

इथे सगळीकडे पाणी, लव्हाळे आणि धुके. जग जागेवर आहे की नाही हे दुपारपर्यंत कळत नाही. वाम मासे पकडणारे कोळी होडीतून जातात तेव्हा नुसत्या टोप्या तरंगत गेल्यासारख्या दिसतात. अशा हवेत माणसाला मागचे फार दिसते. मला विगमुंड धन्यांचे ते लांब दालन दिसते, मधल्या चुलाण्याचा धूर, बाकांवर दाटीने बसलेले आम्ही, आणि हातोहात फिरणारा मधाच्या दारूचा प्याला. त्याच प्याल्याने माझा घात केला. प्याला हातात आला की उठून काहीतरी बोलून दाखवायचे आणि बोललेले मरेपर्यंत पाळायचे, ही आपली रीत. कोणी म्हणाला ढाल टाकणार नाही, कोणी म्हणाला पाठ दाखवणार नाही. मला काहीतरी वेगळे बोलायची हौस. म्हणालो, "धनी, जिथं तुमचं पाऊल पडेल तिथं माझं आधी पडलेलं असेल!" सगळ्यांनी बाके बडवली, धन्यांनी आपल्या दंडातले सोन्याचे कडे काढून माझ्या दंडात चढवले, आणि मी त्या रात्री झोपलोच नाही, इतका आनंद झाला होता. पाऊल पडून कुठे पडेल, फार तर रणात नाहीतर ओढ्यात, असा माझा हिशेब. म्हातारपणी धनी मठात जातील हे त्या प्याल्यात कुठे दिसत होते?

धन्यांनी तलवार पुतण्याच्या हाती दिली आणि मठाची वाट धरली, तेव्हा बाकांवरच्या शूरांना एकाएकी कामे आठवली. कोणाची गाय व्यायची होती, कोणाची बायको. उरलो मी, आणि घोडी परत न्यायला तुम्ही. फाटकापाशी जे झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. दारातून धन्यांच्या आधी आत जायचे आणि आडोशाला कोणी सुरा घेऊन उभा नाही ना ते बघायचे, हे मी आयुष्यभर केले. तेच केले. आडोशाला एक म्हातारा द्वारपाल होता आणि एक मांजर. द्वारपाल म्हणाला, "देवासाठी आलास का रे?" मी हो म्हणालो (नाही म्हणणे बरे दिसले नसते) आणि त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. धनी बाहेर घोडीच्या कानात काहीतरी सांगत उभे होते. सांगणे संपता संपेना. तेवढ्यात आत घंटा झाली, आणि मग धनी आले.

मामा, त्या एका घंटेने माझी वाट लावली. इथे वय, घराणे, जमीन काही चालत नाही. जो आधी आत आला तो थोरला, एका घंटेने का होईना, आणि तोही मरेपर्यंत! मठाधिपती बोटविन यांनी हे मला इतक्या प्रेमाने सांगितले की त्यांच्या हाताचे चुंबन घ्यावे की चावा, हे मला कळेना. आता रांगेत मी पुढे, धनी मागे. बाकावर मी वर, धनी खाली. जवाची भाकरी आधी मला. धाकट्याने थोरल्याला 'बाबा' म्हणायचे असा नियम आहे, त्यामुळे ज्यांच्यापुढे मी तोंड वर करून शिंकलोही नाही, ते विगमुंड धनी रोज सकाळी मान लववून म्हणतात, "बाबा, आशीर्वाद असू द्या." मला घाम फुटतो. मी त्यांना 'भाऊ' म्हणायचे. माझ्या तोंडून 'धनी' निघते आणि मला उपास घडतो. कडे मठाच्या पेटीत गेले. दंड अजून उघडा वाटतो.

अपराध केला तर खालच्या जागी बसवतात असे ऐकले, म्हणून मी अपराधाला लागलो. स्वयंपाकघरातला मोठा रांजण फोडला. मी कबुली द्यायला तोंड उघडतो तोच मागून धनी म्हणाले, "माझ्या हातून फुटला." तीन दिवस ते दाराबाहेर बसून जेवले आणि मी आत बसून वालाचे कढण गिळत होतो. मग प्रार्थनेत मुद्दाम झोपलो. स्वप्नात दालन आले, चुलाणे आले, शत्रू आला, आणि मी स्तोत्राच्या ऐन मध्यावर रणगर्जना केली. वाटले, सुटलो एकदाचा! पण बोटविनबाबांचे डोळे पाणावले. टिलबर्टला सैतान दिसला आणि त्याने तो हाकलला, असे त्यांनी सर्वांना सांगितले. आता स्वयंपाकीही मला वाकून नमस्कार करतो.

शेवटचा उपाय भिंतीचा. बाहेर जाऊन पुन्हा आत आलो तर मी सर्वांत धाकटा ठरेन, असा विचार करून पहाटे भिंतीवर चढलो. झग्याचा डावा खांदा खिळ्याला अडकला आणि मी वाळत घातलेल्या वामेसारखा लटकलो. खालून कोणीतरी पायाला आधार दिला. धनी होते. म्हणाले, "कुठं निघालास मला सोडून?" मामा, शपथेवर सांगतो, लढाईत भाला लागला तेव्हा इतके लागले नव्हते. मी सगळे समजावून सांगितले. त्यांनी मला खाली उतरवले आणि ते रांगेत माझ्या मागे जाऊन उभे राहिले.

असो. मामींना माझा नमस्कार, डुकरिणीच्या पोरांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
टिलबर्ट

ता. क. खरे काम आता लिहितो. फाटकापाशी घोडी धरून उभे होतात ते तुम्ही एकटेच. तुम्ही जमीनवाले, कायद्याने तुमच्या एका शपथेला सहा साध्या शेतकऱ्यांच्या शपथेचे वजन आहे. तेव्हा इथे येऊन बोटविनबाबांसमोर शपथ घ्या की आधी धनी आत गेले आणि मग मी. (खोटी आहे हे मला कळते. पाद्रीबाबा, आपणही फार ऐकू नये.) बहिणीच्या मुलासाठी एवढे करा. धन्यांना माझ्यापुढे वाकताना बघून मी झिजून जाईन. येताना मामींकडून सुई आणि काळा दोरा आणा. खांदा इतका उसवला आहे की आतला पांढरा सदरा दिसतो.

दुसरा ता. क. पत्र न्यायला कोळी आला नव्हता, म्हणून हे लिहायला सापडले. मामा, येऊ नका. वरचे ऐकून उठला असाल तर परत खाली बसा. आज सकाळी देवळाकडे जाताना धुके इतके होते की मला माझेच हात दिसेनात. मी चप्पल बांधायच्या निमित्ताने थांबलो, धनी पुढे जातील म्हणून. ते माझ्या पाठीवर आदळले.

"थांबतोस काय, गाढवा?" म्हणाले. (बाबा म्हणायचे विसरले. किती दिवसांनी ऐकले!) मग माझा खांदा चाचपत हळूच म्हणाले, "मला आता फारसं दिसत नाही, टिलबर्ट. वर्ष होऊन गेलं. दालनात कुणाला कळू दिलं नाही. हा तुझा पांढरा तुकडा तेवढा दिसतो. लढाईतसुद्धा तुझ्या अंगरख्याचा हाच खांदा उसवलेला असायचा. मी त्याच्याकडेच बघत चालायचो, नाहीतर कधीच पळालो असतो."

मी म्हणालो, "मग त्या दिवशी फाटकापाशी..."

"घोडीला काय सांगणार मी? इथला नियम मला आधीच माहीत होता. घंटा व्हायची वाट बघत होतो."

मागे सगळी रांग खोळंबली होती. मी डोळे पुसले आणि चालू लागलो, जरा हळू.

मामींना सांगा, सुई नको, दोराही नको. (पाद्रीबाबा, हे मात्र मोठ्याने वाचा.)