इंजिनातला शेंदरी हात

॥ श्री ॥

सौंसर, ३ ऑगस्ट १९८६

ती. यमुनाताईस,

त्र्यंबकचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले, लोणचेही पोचले. पत्र मी वाचले. लोणचे तुझ्या भावजयीने, स्मिताने, लपवून ठेवले आहे. माझ्या रक्तदाबाची काळजी तिला त्याच वेळी वाटते.

मुख्य वार्ता अशी की भाऊजींचे इंजिन नटले. छोट्या लाइनवरून निवृत्त होऊन ते वाचनालयाच्या आवारात उभे राहिले त्याला दोन वर्षे झाली. यंदा पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन त्याच्यासमोरच व्हायचे आहे. आमच्या इंजिनप्रेमी मंडळात अकरा सभासद; पैकी नऊ बोलतात आणि दोघे काम करतात. मी आजवर नवांत होतो. यंदा पक्ष बदलला.

भाऊजी हयात असताना मला किती वेळा म्हणाले असतील, की गुरुजी, वर या, रामाकोन्यापर्यंत एक फेरी मारून आणतो. मी आपला धोतराकडे पाहायचो आणि फलाटावरूनच त्यांना अग्नीचे माहात्म्य ऐकवायचो. ज्याने बारा वर्षे अग्नीजवळ काढली त्याला! आता एक्कावन्नाव्या वर्षी मी प्रथम त्या इंजिनावर चढलो. दोन रविवार, कॉस्टिक सोडा, विटेचा चुरा आणि एक खरडणी. आतून-बाहेरून असे लख्ख केले आहे की पत्र्यात पाहून तू भांग पाडशील.

गुणवंता मात्र फुगला आहे. तो या दिवसांत जामसांवलीला मारुतीच्या सेवेत होता. परत आल्यावर वर चढला, खाली उतरला आणि चहा न घेता गेला. बारा वर्षे भाऊजींच्या हाताखाली फायरमन होता, म्हणून इंजिनाला दुसऱ्याने शिवू नये असे त्याला वाटत असावे. निघेल रुसवा.

मुलांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ लोणच्यासारखा मुरत राहो.

तुझा
त्र्यंबक


पांढुर्णा, ८ ऑगस्ट १९८६

चि. त्र्यंबकास अनेक आशीर्वाद.

तू इंजिनावर चढला हे वाचून हसू आलं. हे असते तर गावभर पेढे वाटले असते, का आमचे साळे आज काळे झाले.

एक विचारायचं आहे. बाईमाणसाला इंजिनावर नेत नसत म्हणून मी कधी पाहिलं नाही, पण ह्यांनी सांगितलेलं पक्कं ध्यानात आहे. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली का हे तेलात शेंदूर कालवून, उभं राहायच्या जागी आतल्या पत्र्यावर आपल्या हाताचा पंजा उमटवत. दरसाल त्याच जागी, पंजावर पंजा. बारा वर्षांचे बारा थर आहेत म्हणत. मी विचारलं का काहून असं, तर म्हणाले, गाडी रोज मला घेऊन जाते, तिलाही माझं काही राहू दे.

त्यांना जाऊन चार वर्षं होऊन राहिली. फोटो म्हणशील तर तो रेल्वेच्या पासवरचा, त्यात ते चोर दिसतात. हात तरी पाहीन म्हणते. पोळ्याची गोटमारीची जत्रा झाली का पोरीला, जयश्रीला, घेऊन येते. एकदा माझा हात त्याच्यावर ठेवीन, बस.

ती जागा नीट आहे ना, तेवढं लिही. जिवाला जपून राहा.

तुझी
ताई


॥ श्री ॥

सौंसर, १७ ऑगस्ट १९८६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. झेंडावंदन उत्तम झाले. पाहुण्यांनी इंजिनाला 'वैभव' म्हटले आणि हात लागताच रुमालाने पुसला.

तू जरूर ये, पण घाई नको. सध्या इंजिनाला आतून रंग देणे चालू आहे. ओल्या रंगाने तुझे लुगडे खराब होईल. शिवाय रस्त्याला पूल नाही म्हणावा इतके पाणी आहे. शिवाय भाद्रपदाचे पहिले दिवस प्रवासाला मध्यम आहेत. शिवाय स्मिताला सर्दी आहे. गुणवंताचा गुडघा धरला आहे, त्यामुळे तोही हल्ली आपल्या घरी रामाकोन्यालाच असतो.

ती जागा आहे. काळजी करू नये.

अधिक लिहायला वेळ नाही. लोभ कमी होऊ देऊ नये, ही आज नेहमीपेक्षा जास्त विनंती.

त्र्यंबक


पांढुर्णा, १४ सप्टेंबर १९८६

चि. त्र्यंबकास आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. कार्डावर जास्त जागा नाही. स्मिताने खूप केलं. सर्दी कुठं दिसली नाही, बरं झालं.

तुझ्या हाताला धरून इंजिनावर चढले, पंजावर हात ठेवला. तुम्ही सगळे बाजूला उभे होते, म्हणून काही बोलले नाही. तुमच्या मंडळाच्या पुंडलिकरावांनी नारळ दिला त्यांना नमस्कार सांग.

गुणवंता भेटला नाही ह्याची हुरहूर राहिली. गुडघ्याला एरंडाचं पान बांध म्हणावं.

ताई


॥ श्री ॥

सौंसर, २१ सप्टेंबर १९८६

ती. यमुनाताईस,

त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार. शिर सध्या वर उचलवत नाही, त्यामुळे सोयीचा आहे.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडले. प्रत्येक वेळी तिसऱ्या ओळीत एखादे सुभाषित येई आणि त्याच्या आड मी लपे. म्हणून सरळ लिहितो. तू ज्यावर हात ठेवलास तो पंजा भाऊजींचा नव्हता. माझा होता.

भाऊजींचा मी खरडून काढला. त्या दुसऱ्या रविवारी. बोटभर जाडीचे काहीतरी लाल-काळे पत्र्याला चिकटले होते. मला वाटले गंज आणि वंगण. दोन तास लागले. निघेना तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या, ताई. संस्कृतात दिल्या, पण दिल्या. शेवटी निघाला तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की शिट्टी वाजवली.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी वाचनालयामागच्या उकिरड्यावर गेलो. केर तिथेच टाकला होता. मध्ये आठ दिवस पाऊस. दोन्ही हातांनी उकरत बसलो. नववीची मुले जात होती, त्यांनी विचारले सर काय हरवले. मी चष्मा म्हणालो. चष्मा नाकावर होता. शेंदराचा एक कण सापडला नाही.

मग मी तुला 'ती जागा आहे' असे लिहिले. जागा होतीच, एवढ्या सत्यावर मी महिनाभर झोपायचा प्रयत्न केला. तू यायच्या दोन दिवस आधी जामसांवलीहून शेंदूर आणला, पहाटे स्नान केले, आणि कोणी नसताना उजवा हात तेलाशेंदरात बुडवून पत्र्यावर उमटवला. वर काजळी फासली, जुना दिसावा म्हणून. विधीत कुठे न्यून राहू दिले नाही, फक्त माणूस खोटा होता. तू त्यावर हात ठेवून डोळे मिटलेस तेव्हा मी खाली इंजिनाची चाके मोजत होतो. आठ आहेत की सहा, आजही सांगता येणार नाही.

पण याहून वाईट पुढे आहे. झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी मंडळाच्या बैठकीत पुंडलिकरावांनी विचारले होते, की भाऊजींचा शेंदूर कोणी काढला. त्यांना तो ठाऊक होता. बहुधा मला सोडून सगळ्यांना ठाऊक होता. म्हणूनच तू आलीस तेव्हा तुझ्याखेरीज कोणाला वर चढू दिले नाही. कोणीतरी म्हणाले, किल्ली आणि सोड्याचा डबा गुणवंताकडे असतो. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. तो माझ्याकडे पाहू लागला. तो मागेच वर चढून पाहून आला होता; खरडणी कोणी धरली हे त्याला माहीत होते. मी बोलेन म्हणून तो थांबला. मी पाण्याचा पेला उचलला आणि प्यालो. पेला रिकामा होता, ताई.

त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि रामाकोन्याला निघून गेला. पुन्हा आला नाही. त्याचा गुडघा ठणठणीत आहे.

तू मला रागाव. नाही रागावलीस तर मला राहवणार नाही. लोभ मागण्याचे तोंड नाही, म्हणून ती ओळ आज लिहीत नाही.

त्र्यंबक


पांढुर्णा, २६ सप्टेंबर १९८६

चि. त्र्यंबकास अनेक आशीर्वाद. ते कमी केले नाहीत, मोजून पाहा.

तुझ्या पहिल्या पत्रात कॉस्टिक सोडा वाचला तवाच शंका आली होती. म्हणून तर विचारलं का जागा नीट आहे ना. तुझ्या 'शिवाय' वर 'शिवाय' वरून उरलंसुरलं समजलं. लहानपणी दूध सांडलं का तू अशीच कारणं रचत होता, मांजर, शिवाय वारा, शिवाय भांडं वाकडं.

आणि इंजिनावर चढून पाहिलं तर पंजा उजवा. अरे, ह्यांचा नेम होता का इंजिनावर असताना उजवा हात रेग्युलेटरच्या, वाफ सोडायच्या दांडीवरून काढायचा नाही. नवमीच्या दिवशी गाडी उभी असली तरी नाही. म्हणून पंजा डाव्या हाताचा. घरी येत तवा डावा तळवा लाल, आठ-आठ दिवस निघत नसे. मीच खोबरेल लावून पुसून द्यायची आणि म्हणायची, शुभकार्याला कोणी डावा हात लावते का. तुझ्यासारखा शास्त्री डावा लावील काय!

तरी मी डोळे मिटले ते खोटे नव्हते. तो हात मला ओळखू आला. मधल्या बोटाला टाकाचा घट्टा. हाच हात धरून मी तुले शाळेत नेऊन पोचवत होते. मनात म्हटलं, नवऱ्याचा गेला, भावाचा तरी आहे. मग वाटलं, सांगते का पाहू. बारा दिवस वाट पाहिली. आज पत्र आलं.

माझं म्हणशील तर माझ्यापाशी तो लाल तळवा आहे, तो तुझ्या सोड्याने निघत नाही. रडले. झालं. पण गुणवंताचं मी माफ करू शकत नाही, ते माझं नाहीच. त्यानं बारा वर्षं ह्यांच्या बाजूला उभं राहून कोळसा टाकला, आणि तू रिकामा पेला पिऊन राहिला. ज्या लोकांसमोर गप्प राहिला त्याच लोकांसमोर बोल. आधी रामाकोन्याला जा. बसनं नको जाऊ, पायी जा, म्हणजे बोलायचं काय ते ठरेल. अन् सुभाषित घरी ठेवून जा.

खंडेनवमीला पंजा त्याच्या हातचा उमटू दे. डावा.

तुझी
ताई


॥ श्री ॥

सौंसर, विजयादशमी, शके १९०८

ती. यमुनाताईस,

त्र्यंबकचा शि. सा. न. वि. वि.

पायी गेलो. ठरवलेले सगळे त्याच्या अंगणात पाय टाकताच विसरलो, त्यामुळे थोडक्यात आटोपले. गुणवंता कापूस वेचायची झोळी शिवत होता. तो म्हणाला, हे मला माहीतच होतं गुरुजी, मला कशाला सांगता, जे मला चोर समजून राहिले त्यांना सांगा. मग बायकोला चहा टाकायला सांगितले. तोंड गोड झाले असे म्हणवत नाही. चहात साखर नव्हती आणि मी मागितली नाही.

काल नवमीची पूजा झाली. अकराही सभासद, वाचनालयाचे वाचक आणि नववीचा पूर्ण वर्ग. मी इंजिनाच्या पायरीवर उभा राहून सांगितले, की शेंदूर मी खरडला, गप्प मी बसलो, आणि आत आहे तो पंजाही माझाच. मागून एका मुलाने विचारले, सर, मग चष्मा? पुंडलिकरावांनी बराच वेळ उपरणे झटकले. तीन जण आजही माझ्याशी बोललेले नाहीत. ते योग्य आहे.

गुणवंता वर चढला. उजवा हात दांडीवर ठेवला, डावा तेलाशेंदरात बुडवला. मी फडके पुढे केले आणि म्हणालो, आधी माझा खोटा पंजा पुसून घे, त्याच जागी तुझा येऊ दे. त्याने फडके माझ्या हातून घेतले आणि खाली टाकले. म्हणाला, राहू द्या गुरुजी. ह्या इंजिनात पुसायचं काम एकदा झालं, तेवढं पुरे.

आणि माझ्या पंजाच्या शेजारी, वीतभर अंतर सोडून, त्याने आपला पंजा उमटवला.

किल्ली पुन्हा त्याच्याकडे आहे. दर रविवारी तो सांगेल तेवढेच मी पुसतो. तू येशील तेव्हा डाव्यावर हात ठेव. उजवा तिथे आहेच. मी वर चढलो की मान आपोआप खाली जाते, म्हणून तो मला नेमका दिसतो.

यंदा सोन्याचे पान पत्रातून पाठवतो आहे. घेशील तर लोभ आहे असे समजेन.

तुझा
त्र्यंबक