म्हणे मंजूला बर्फ नको

३ फेब्रुवारी २००८, रविवार
किराणा. दूध, अंडी, कोथिंबीर (मेलेली, तरी घेतली). काउंटरवरची उंच बाई सहा वर्षं मला नुसतं हाय हनी म्हणते, आज हात धरून म्हणाली, जिंकलीस बाई अखेर. मी म्हटलं, काय जिंकले? म्हणे, ॲरिझोना. तुझा नवरा सगळ्यांना सांगत होता, मंजूला आता बर्फ नको झालाय, म्हणून आम्ही गाव सोडतोय.

मी हसले. सुटे पैसे घेतले. गाडीत येऊन बसले तेव्हा कळलं की दूध काउंटरवरच राहिलं.

घरी श्री हीटरपाशी बूट सुकवत होता. "सांगणारच होतो." प्रशांतने, म्हणजे याच्या कॉलेजच्या मित्राने, ॲरिझोनातल्या चँडलरला आपल्या कॉम्प्युटर-चिपच्या कंपनीत शब्द टाकला, फोनवर दोन इंटरव्ह्यू झाले, ऑफरही आली. नवऱ्याची नोकरी बदलली, गाव बदललं, आणि बायकोला बातमी किराणा दुकानात. "तूच तर म्हणत होतीस ना, सहा वर्षं?"

म्हणत होते. रोज म्हणत होते. म्हणून काय झालं.

५ फेब्रु., मंगळवार
राग जात नाही. लिहूनच काढते.

इथे यायच्या आधी एडिसनला होतो तेव्हा बरं चाललं होतं. २००१ मध्ये याची सॉफ्टवेअरची नोकरी गेली. ग्रीन कार्ड हातात होतं, तेव्हा म्हणाला, एक हिवाळा कोलोरॅडोत काढू, स्की शिकू, मग बघू. एकाचे सहा झाले. हा स्की पट्रोलमध्ये लागला. सकाळी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट लोकांसाठी सुरू व्हायच्या आधी वर जायचं, सुरुंग लावून सैल बर्फ पाडायचा, दिवसभर पडलेल्यांना उचलून खाली आणायचं. मी खालच्या क्लिनिकमध्ये काउंटरवर. हा माणसं आणतो, मी त्यांची नावं लिहून घेते. मोडक्या माणसांवर चालणारा संसार.

आणि हो, मी बोंबलले. हाडं गारठली, भेंडी मिळत नाही, दोन शब्द मराठी बोलायला माणूस नाही. हे सगळं मी म्हटलं. पण एवढ्यात म्हटलेलं नाही. कधीपासून थांबले ते मलाही आठवत नाही, आणि त्याने तर विचारलंच नाही. करून सवरून नामानिराळा राहायचं आणि खापर मंजूच्या डोक्यावर.

९ फेब्रु., शनिवार
दुपारी जेवत होतो. छतावरचा बर्फ घसरून अंगणात पडला. नेहमी पडतो. धप्प.

श्री ताट घेऊन उभा राहिला. वरण सगळं शर्टावर. भिंतीला पाठ लावून उभा, तोंड पांढरं. मी म्हटलं, अरे छतावरचं आहे. म्हणाला, "माहितीये मला." मग बसला, पण जेवला नाही.

जानेवारीत ते झालं तेव्हापासून असं आहे. हा आणि रिक सकाळी वर गेले होते, सुरुंग लावायच्या आधीच बर्फाचा कडा सुटला, रिक पूर्ण गाडला गेला. याने खणून काढला. पाय मोडला, पण जिवंत. मीच काउंटरवर होते. रिकला आत नेलं आणि श्री बाहेर बाकावर बसून हातमोजे काढत होता, निघत नव्हते, मी ओढून काढले. त्यानंतर गावात कुठेही गेलं तरी कोणीतरी याच्या बिअरचे पैसे देऊन टाकतं. हा अर्धी टाकून उठतो.

१२ फेब्रु.
रिक क्लिनिकमध्ये प्लॅस्टर दाखवायला आला. श्रीचा सहा वर्षांचा जोडीदार, दाढीवाला, मोठ्याने हसणारा. आज हसला नाही. कुबड्या भिंतीला लावल्या आणि म्हणाला, मंजू, त्याला नको घेऊन जाऊस. मला बाहेर काढलं त्याने. असा माणूस परत मिळायचा नाही आम्हाला.

मी त्याच्या कार्डावर तारीख लिहीत राहिले. काय सांगू? मलाच कोणीतरी घेऊन चाललंय?

जाताना म्हणाला, हल्ली तो वर जात नाही, खाली रेडिओवर बसतो, गुडघा दुखतो ना त्याचा. मी विचारलं, कुठला? रिक म्हणाला, डावा.

मला घरी उजवा सांगितलाय.

१७ फेब्रु., रविवार
सासूबाईंचा फोन, पुण्याहून. जाम खूश. "चला, झाला एकदाचा सेटल."

त्यांनी नातेवाइकांत सांगून ठेवलंय की श्री पेट्रोलमध्ये आहे. पहिल्या वर्षी याने फोनवर 'पट्रोल' सांगितलं, त्यांनी 'पेट्रोल' ऐकलं. मग कोणीतरी त्याची तेलकंपनी केली, आणि आता तर म्हणे तो ऑफिसर आहे. आम्हीही कधी दुरुस्त केलं नाही. कशाला? पुण्यात मान मिळत होता. आज विचारत होत्या, "अगं, पेट्रोलमधून एकदम चिपमध्ये कसं घेतलं त्याला?" मी म्हटलं, हुशार आहे हो तुमचा मुलगा.

"तूच मागे लागलीस म्हणून सुधारला, असं म्हणाला तो."

तिथेही माझंच नाव. पुण्यात कौतुक आणि इथे शिव्या. निदान हिशोब बरोबर झाला.

२२ फेब्रु., शुक्रवार
सरळ विचारलं. चहा पुढे ठेवला आणि म्हटलं, श्री, तुला भीती वाटते का रे आता वर जायची?

"काहीतरीच बोलून राहिली."

मला नागपूरवाली म्हणून चिडवायचं असलं की माझ्या भाषेत बोलतो. एरवी मी हसते. आज नाही हसले. म्हटलं, गुडघा कुठला दुखतो? तर म्हणे दोन्ही.

फावडं घेऊन बाहेर गेला. पायऱ्या सकाळीच साफ केल्या होत्या. खिडकीतून बघत होते, कोरड्या पायरीवर फावडं घासत होता. मला रडू आलं, आणि रागही आला. दोन्ही एकदम. अरे घाबरलास तर घाबरलास. मेला असतास तर मी काय केलं असतं? पण सांग ना. माझ्यापाशी तरी सांग.

१ मार्च, शनिवार
डॉक्टरीणबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं काहीतरी चुकलं. म्हणाल्या, मेपासून क्लिनिकचं सगळं ऑफिस तू बघशील का? माणसं घेणं, इन्शुरन्सची भांडणं, सगळंच. बारमाही नोकरी. मग म्हणाल्या, पण तुला तर इथे राहायचंच नाही, असं ऐकलं.

मी म्हटलं, कोणी सांगितलं?

जेवणाच्या सुट्टीत नदीपर्यंत चालत गेले. एकटीच. ऊन होतं, डोळे दिपत होते. लाँड्रीवाल्याने हात केला, पोस्टातल्या बाईने भावाचं ऑपरेशन झालं ते सांगितलं. एडिसनला तीन वर्षांत शेजारच्याचं नाव कळलं नव्हतं. तिथे मराठी होतं, मंडळ होतं, गणपती होता. आणि मी कोणाची तरी बायको होते. इथे मी मंजू आहे. उच्चार चुकीचा का असेना.

मला इथे राहायचं आहे. लिहून टाकलं एकदाचं.

श्रीला सांगितलं नाही. तो तरी कुठे सांगतो.

८ मार्च, शनिवार
पट्रोलच्या खोलीत निरोप समारंभ. पिझ्झा, बिअर, सगळ्यांनी सह्या केलेलं जुनं फावडं भेट. (ॲरिझोनात काय खणणार, असं कोणीतरी म्हणालं, सगळे हसले.) रिक कुबडीवर उभा राहून बोलला, मग ग्लास माझ्याकडे करून म्हणाला, आणि ही आपल्या सगळ्यांची बॉस, जिच्यापुढे कड्याचंही काही चालत नाही.

पुन्हा हसले. मी उभी राहिले. सांगणारच होते. खोटं आहे हे सगळं, मला विचारलंही नाही कोणी. शब्द तोंडापर्यंत आले. श्रीकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, फावड्याचा दांडा धरून त्यावरच्या सह्या वाचत होता. कान लाल झाले होते.

म्हटलं, होय बाबांनो, मला थंडी सोसत नाही. माफ करा.

टाळ्या.

९ मार्च
सकाळी भांडण. आम्ही दोघं भांडतो तेव्हा आवाज चढत नाही, भांडी आपटतात.

तो: काल वाचवलंस मला.
मी: कशापासून?
तो उठून कप विसळायला लागला.

मग मी नोकरीचं सांगितलं. चेहरा उतरला, पण लगेच म्हणाला, "मग राहा की महिनाभर, मी पुढे होतो." महिनाभर म्हणे. मी म्हटलं, ऐक. मी तुझ्या मागे एडिसन सोडलं, इथे आले, चँडलरलाही येईन. नोकरी गेली खड्ड्यात. पण कशासाठी येतेय ते मला कळलं पाहिजे. ज्या दिवशी तू तोंडाने सांगशील की तू का जातोयस, त्या दिवशी मी तिकीट काढेन. तोवर इथून हलणार नाही.

"तुला माहिती आहे की सगळं."

मला माहीत असणं वेगळं. तू सांगणं वेगळं.

१६ मार्च, रविवार
काल गेला. गाडी भरून. मोठा कुकर नेला, छोटा ठेवला. मिसळणाचा डबा मला ठेवला, मग परत आला आणि वाटीभर हळद घेऊन गेला. वळणापर्यंत हात केला. मी दारात उभी होते, स्वेटरशिवाय. थंडी न सोसणारी बाई.

घर मोठं वाटतंय. खिचडी जास्त झाली.

३० मार्च, रविवार
फोन रोज येतो. ऊन किती, प्रशांतच्या घरी काय जेवला, अपार्टमेंटला स्विमिंग पूल आहे, दुकानात ताजी भेंडी आहे. भेंडीचं तीनदा सांगितलं. मुद्द्याचं काही नाही.

प्रशांतची बायको स्वाती आज फोनवर आली. गोड मुलगी. म्हणाली, "मंजूताई, या ना लवकर. श्रीदादा सांगत होते, तुमचं नोकरीतून पाऊल निघत नाही म्हणून."

घ्या. इथे मी बर्फाला कंटाळलेली, तिथे मी बर्फाला चिकटलेली. या माणसाला स्वतःचं म्हणून एक कारण नाही. मी हसत सुटले, स्वाती बिचारी घाबरली.

१९ एप्रिल, शनिवार
लिफ्ट बंद झाल्या. सगळीकडे चिखल, पाहुणे गेले, अर्धी दुकानं बंद. दरवर्षी या दिवसांत मी श्रीला म्हणायचे, हे काय गाव आहे? आज एकटीने बूट धुतले आणि काही वाटलं नाही.

डॉक्टरीणबाईंना महिनाअखेर उत्तर हवंय. म्हटलं, देते. ऑफिसच्या कपाटाच्या किल्ल्या तात्पुरत्या माझ्याकडे दिल्यात. औषधांच्या कंपनीशी भांडून पन्नास खोकी परत पाठवली. मजा आली.

श्रीचा फोन: गरम होतंय. बाकी ठीक. मीही म्हटलं, ठीक. झोप छान लागते हल्ली.

२७ एप्रिल, रविवार
दुपारी फोन. आवाज वेगळा. प्रशांतकडे वीस माणसं जेवायला होती. प्रशांतने सगळ्यांना कड्याची गोष्ट रंगवून सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा उठून बाहेर आला आणि गाडीत एसी लावून बसून मला फोन करत होता.

म्हणाला, "मंजू, सांगतो. मध्ये बोलू नकोस."

खुर्ची ओढून बसले.

म्हणाला, रिक गाडला गेला तेव्हा मी नुसता उभा राहिलो. पाय हलेनात. तो कुठे गेला ते दिसलं होतं, रेडिओ हातात होता, फावडं पाठीवर होतं, आणि मी उभा. किती वेळ, देव जाणे. मग खणलं. सगळे म्हणतात वाचवलं. तो मेलाच असता, माझ्यामुळे. त्यानंतर सकाळी वर जायची वेळ झाली की घातलेले बूट परत काढायचो. दोनदा तर लिफ्टखाली ओकलो. मी घाबरलोय गं. डोंगराला नाही, स्वतःला. परत तसाच उभा राहीन याला.

मग म्हणाला, तुझ्या नावावर खपवलं. बायकोचं ऐकतो म्हटलं की लोक हसतात. घाबरला म्हटलं की गप्प होतात.

मी खूप रडले. तोही. म्हटलं, एवढंच ना रे, आधी का नाही बोललास? जवळ असता तर डोकं धरलं असतं त्याचं. सहा वर्षांत इतका माझा कधी वाटला नाही तो.

मग म्हणाला, "सांगितलं आता. तिकीट काढतेस ना?"

मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. ती त्याने दिली. मोडकी, खरी, पूर्ण दिली. आत्ता कळलं, मी अशी अट घातली होती जी तो कधी पुरी करणार नाही असं मला वाटत होतं. त्याच्या गप्प बसण्यावर माझी नोकरी, हे घर, ही झोप, सगळं उभं होतं. तो मला पुढे करत होता म्हणून मी चिडले, आणि मी काय करत होते?

"मंजू? आहेस ना?"

म्हटलं, थांब हं, गॅसवर दूध आहे, उतू जाईल. मग फोन करते.

ठेवला. गॅसवर काही नव्हतं.