दीड तासाचं जास्तीचं इंधन

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे हे विचारायचं नाही, असं तू फोनवर बजावलंस, म्हणून विचारत नाही. भाऊजींची कंबर कशी आहे? (त्यांच्या उत्तरावरून तुझा अंदाज घेईन.) इकडे दुकान चालू आहे. शिलाई मशीन कुरकुरतंय, मीही.

तुझं ऑपरेशन पुढच्या शनिवारी. रेल्वेनं दोन दिवस, विमानानं दोन तास, आणि विमानाचं नुसतं नाव काढलं तरी मी विषय बदलतो हे तुला ठाऊक आहे. म्हणून चिरंजीवांनी तोडगा काढला. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ लावून दिला आणि म्हणाले, बाबा, घरच्या घरी स्वतः चालवून बघा, भीती मोडेल. ताई, आधी मला नुसती बसायची भीती होती, आता चालवायचीही आहे.

यात मुख्य भानगड इंधनाची. उतरल्यावर टाकीत किती उरायला हवं ते निघण्याआधीच ठरवायचं आणि तिथून मागे मोजत यायचं. तुझ्या गावापर्यंतचं, तुमचा विमानतळ बंद असला तर शेजारच्या शहरापर्यंतचं, शिवाय अर्धा तास घिरट्या घालण्याचं. पहिल्या खेपेला मी शेवटची दोन वगळली (उगाच ओझं कशाला!). समोरून वारा लागला, आणि तुझं गाव दिसू लागलं तोच दोन्ही इंजिनं गप्प. विमान शेतात बसलं. ही मागून म्हणाली, आता ताई तुम्हाला न्यायला चिखलात येणार का? दोन दिवस माझ्या हातून सरळ शिवण पडेना.

मग माझ्यातला शिंपी जागा झाला. चाळीस वर्षं कपड्यात मार्जिन ठेवणारा माणूस मी. गिऱ्हाईक सुटलं तर शिवण उसवून कपडा वाढवता आला पाहिजे. तसंच इथे केलं. वाऱ्यासाठी थोडं, धुक्यासाठी थोडं, धावपट्टीवर कुणी आडवं उभं राहिलं तर थोडं, मी घाबरून चुकलो तर (हे मात्र सढळ हातानं). गेल्या मंगळवारी तुझ्या गावावर अगदी वेळेत पोहोचलो, तर कॉम्प्युटर म्हणतो, वजन फार, उतरू नका. टाकीत दीड तासाचं जास्तीचं इंधन! ओतून टाकायची सोय या विमानात नाही, जाळायचंच. बसलो फेऱ्या मारत. तेवढ्यात एकजण पँट न्यायला आला. त्याला म्हटलं, बसा, मी सध्या हवेत आहे. तो गेला तो अजून आलेला नाही.

खाली तुझं गाव. घरं सगळी एकाच छापाची, पण पाण्याच्या टाकीजवळचं एक मी तुझं म्हणून धरलं. सतरा वेळा त्याच्यावरून गेलो. अठराव्या वेळी माझाच मला राग आला. इतक्या जवळ येऊन हा माणूस उतरत का नाही? शेवटी उतरलो, पण चाकं टेकताना डोळे मिटले होते.

तेव्हा सराव अजून कमी पडतोय. ऑपरेशन नीट पार पडू दे, मग सावकाश येईन म्हणतो.

तुझा धाकटा

ता. क. १ : शेवटचा परिच्छेद खोडून टाक. तिकीट काढलंय, पुढच्या गुरुवारी सकाळी दहाचं. तू आठ वाजता फोन कर आणि लहानपणी झाडाखाली उभी राहून खेकसायचीस तशी एकदा खेकस, "चढ रे, भागूबाई!" एवढंच मागायला हे पत्र लिहिलं. फोनवर मागायला गेलो की भलतंच काहीतरी विचारून ठेवून देतो.

ता. क. २ : भीती विमानाची आहेच. पण जास्त भीती तुला बघायची वाटते. भाची म्हणाली, फार वाळलीस.

ता. क. ३ : दवाखान्यासाठी पुढून उघडणारा गाऊन शिवलाय. भाचीनं तुझं नवं माप कळवलं होतं. मी जुन्याच मापानं बेतलाय आणि सध्यापुरता आतून कच्चे टाके घालून नव्या मापाला आणलाय. ते टाके उसवायची वेळ येईपर्यंत मी तिथेच राहणार आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही.